तहानलेली होडी

नवी होडी त्रेचाळीस ठिकाणी गळत होती आणि त्यातल्या बारा फटींत ठोक्याने बोटं घातली होती. ठोक्या यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र), पण त्यालाही बोटं बाराच. उरलेल्या एकतीस फटींतून समुद्र आरामात आत येत होता.

होडीत बसलेले बंदर समितीचे अध्यक्ष तुळसकर आधी घोट्यापर्यंत भिजले, मग गुडघ्यापर्यंत. शेवटी उडी मारून किनाऱ्यावर आले.

"चार दिवसांनी नारळी पौर्णिमा," ते गुरगुरले. "तेव्हा ही तासभर तरंगली, तर तुमची शेड राहील. नाहीतर तिथं सेल्फी पॉइंट!"

दहा वर्षांची चंद्रिका धावत ठोक्याकडे गेली. त्या शेडमध्ये तिचा आजो, भिकाजी मेस्त्री, मुलांना होड्या बांधायला शिकवायचा. तेही एक खिळा न ठोकता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून! हजार वर्षांपूर्वी या समुद्रावर अशी शिवलेली गलबतं फिरायची.

"ठोक्या, काय केलंस तू?"

"सेवा. लाकूड कुजू नये म्हणून आठवडाभर गरम हवा दिली. मस्त कुरकुरीत झालीय."

"पापड आसा काय रे ती?" आजो पोट धरून हसायला लागला.

"आजो, हसतोस काय? शेड जाईल ना!"

"तिका तहान लागली हा गो. बुडव तिका."

"होडी बुडवणं नियमात बसत नाही!" ठोक्याने धोक्याचा भोंगा वाजवला.

आजोने आणि चंद्रिकाने होडीत दगड भरून ती उथळ पाण्यात बुडवली. ठोक्याने तीनदा ती "वाचवली". शेवटी चंद्रिकाने त्याला कामाला लावलं. एक कोरडी फळी मोजायची, पाण्यात ठेवायची, रोज पुन्हा मोजायची.

"रुंदी वाढली!" तिसऱ्या दिवशी ठोक्या किंचाळला. "लांबी मात्र जवळजवळ तेवढीच!"

"झाड पाणी पितं ना, तसंच," चंद्रिका विचार करत म्हणाली. लाकडात पेशी (अगदी बारीक नळ्या) असतात. त्यांच्या भिंती पाणी शोषून फुगतात, फळी आडवी रुंद होते. "म्हणजे फळ्या एकमेकींना रेटतात, फटी बुजतात, आणि टाके आणखी आवळले जातात! आणि तू वाळवलीस, म्हणून फळ्या आकसल्या."

"आता मेस्त्रीण झालंस," आजो म्हणाला.

पौर्णिमेला दगड काढले, पाणी उपसलं. तुळसकर कमरेला टायरची ट्यूब अडकवून, हातात नारळ घेऊन होडीत बसले. तास होत आला. होडीचा तळ कोरडा ठणठणीत. एवढ्यात टप... टप...

"गळती!" ठोक्याने झेप घेतली आणि तुळसकरांच्या तडा गेलेल्या नारळात बोट खुपसलं.

अख्खा किनारा हसला, तुळसकरसुद्धा. शेड राहिली.

"चंद्रिका," नारळात अडकलेलं बोट ओढत ठोक्या म्हणाला, "अंतराळयानाची भिंत अशी केली तर? भोक पडलं, की फुगून आपोआप बुजेल."

"बांधूया की," चंद्रिका म्हणाली. "फक्त तू तिला वाळवायला जाऊ नकोस."