रांगेतला दुसरा डबा

गिरणीत पाऊल ठेवताच कयलला लागोपाठ सात शिंका आल्या. आठवी यायच्या आत कुणीतरी तिच्यापुढे गुळाचा खडा धरला. बोटं मिरचीनं लाल झालेली, आणि चेहरा... हसू कसंबसं दाबून धरलेला.

"घे, घसा शांत होतो. डबा ओळखीचा दिसतोय, माणूस मात्र नवीन!"

"अम्मा अक्काकडे गेलीय, कोइंबतूरला. जुळी झालीत."

"म्हणजे आता तूच येणार," तो म्हणाला. देवकोट्टैतली ही गिरणी मरुदूच चालवायचा.

अम्मानं फोनवर कुळंबूची, म्हणजे चिंचेच्या आमटीची, पूड सांगितली होती: धणे, सुक्या मिरच्या, जिरं, मिरी, मेथी, तूरडाळ, हळकुंड. प्रमाण विचारलं तर म्हणाली, "हाताला कळतं." कयल रसायनशास्त्राची पदवीधर. तिनं वजनकाटा काढला, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजला, वेळ वहीत लिहिली.

अप्पांनी कुळंबू भातावर घेतलं, एक घास खाल्ला. "छान आहे. कुणाच्या घरचं?"

कयलनं पुन्हा थोडी पूड केली. मरुदू म्हणाला, धणे कमी भाज. तिसऱ्यांदा म्हणाला, मेथी जरा जास्त भाज. प्रत्येक वेळी दळण झालं की तो ऊन ऊन पूड कागदावर पसरायचा, आणि ती निवेपर्यंत दोघं बोलत बसायची. त्याला तिची वही वाचायची असायची. तिला... तिला घरी जायची घाई नसायची.

अप्पा मात्र नीट जेवेनात, अंगानं उतरले. "या वेळी जमलं नाही तर अम्माला बोलावून घेतो," ते म्हणाले. तिकडे अक्काला दोन बाळांपुढे जेवायला फुरसत नव्हती. अम्मा परत येऊन चालणारच नव्हतं.

एरवी कयल दुपारी जायची, गर्दी नसताना. या खेपेला ती शुक्रवारी सकाळीच गेली, अम्मा जायची तशी. रांगेत एकच डबा होता, मरुदूच्या घरचा. त्यानं तो दळला, तांदळाची मूठ टाकून यंत्र साफ करायचं तेवढं राहिलं, आणि कयलचा डबा ओतला.

पूड बाहेर पडली. कयल थबकली. हा वास... अम्माच्या पदराचा!

"तुमच्या पुडीत काय असतं?"

"दगडफूल. का?"

"आमच्यात नसतं."

"पडतं ना. मूठभर यंत्रात राहतं, ते मागच्याच्या डब्यात जातं. तुझी अम्मा पंधरा वर्षं आमच्यामागेच डबा लावते. तिच्या डब्याआधी तांदूळ टाकत नाही आम्ही."

कयलनं वही मिटली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग धणे कमी भाज, मेथी जास्त भाज... हे काय होतं?"

मरुदू पूड पसरत राहिला, मान खाली. "पहिल्यांदाच जमलं असतं, तर तीन महिन्यांची पूड एकदम दळून नेली असतीस, मग फिरकली नसतीस."

"लबाड! माझे अप्पा वाळले तिकडे!"

"चुकलंच," तो म्हणाला. कान लाल झाले होते, आणि ते काही मिरचीनं नव्हे. "एरवी तुझ्या डब्याआधी तांदूळ टाकायचो, पण आज टाकला नाही मी... मुद्दामच."

त्या दुपारी अप्पांनी भात दोनदा मागून घेतला. बोटं चाटत म्हणाले, "अम्माला सांग, सावकाश ये."

पुढच्या शुक्रवारी सकाळी मरुदूच्या डब्यामागे कयलचा डबा होता. त्यानं उचलला, तर हलका.

"रिकामा?"

"जागा धरलीय."

"किती दिवसांसाठी?"

कयलनं डबा त्याच्या हातातून घेतला, खाली ठेवला आणि दोन्ही डबे एकमेकांना टेकेपर्यंत पुढे सरकवला.

"पंधरा वर्षं तर अम्माचीच झाली," ती म्हणाली. "माझी त्याहून जास्त धर."

मरुदू काही बोलणार, तोच त्याला शिंक आली. एक... दोन... तीन.

"मोजतेय हं मी," कयल म्हणाली, आणि गुळाचा खडा पुढे केला.