हट्टी फळ्या

"मालक कुठे आहेत?" लाकडाच्या वखारीत डोकावत त्याने विचारलं.

"बाबा गेले. आता मीच बघते."

तो गडबडला. वाईट वाटलं म्हणावं की सरळ लाकूड मागावं, हे त्याला ठरवता येईना. ती तारांबळ पाहून तिला हसू आलं... वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्याला खिडकीत बसायला लाकडी बैठक करायची होती. "शिसव द्या. काळंभोर, छान दिसतं."

"खोलीत ऊन येतं?"

"सकाळी, थोडंसं."

"मग शिसवानं अंधारकोठडी होईल. पाय वर घेऊन बसता?"

"म्हणजे?"

"पाइन घ्यावं, तर ते मऊ असतं. टाचा, नखं, सगळ्याचे वण राहतात. मांजर आहे घरात?"

"तुम्ही लाकूड विकताय, की स्थळ बघताय?"

तिने ओलं फडकं घेतलं आणि सागवानाच्या एका धुळकट फळीवरून फिरवलं. करड्या लाकडातून मधाचा रंग वर आला, रेषा उमटल्या.

"पॉलिश केल्यावर अशी दिसेल."

तो बघत राहिला. फळीकडेच... बहुधा.

वखारीची जुनी रीत होती. फळ्या जिथे बसवायच्या त्या खोलीत आधी नुसत्या पडू द्यायच्या. तिथल्या हवेची सवय झाली की मग खिळे. घाई केली तर पुढे फळ्या वाकतात, फटी पडतात. म्हणून फळ्या त्याच्या घरी गेल्या आणि पाठोपाठ ओलावा मोजायचं यंत्र घेऊन ती.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. भिंतीभर नकाशे. एका नकाशावर समुद्रातलं एक इवलंसं बेट पार पुसट झालं होतं.

"याला काय झालं?"

"रोज बोट ठेवतो. जायचंय तिथे."

"काय आहे तिथे?"

"माहीत नाही. म्हणून तर!"

यंत्राच्या दोन सुया फळीत टोचायच्या, आकडा वाचायचा, काम एवढंच. तरी संध्याकाळ झाली.

"आज पुन्हा फळ्या?" तिची आई विचारायची. "तुझे बाबा एकदाच जाऊन बघायचे."

"या फळ्या हट्टी आहेत गं."

होत्याच. आकडा खाली यायचं नाव घेईना. तिला बरं वाटे, आणि त्याचीच धाकधूकही. कधीतरी या वाळणारच. मग ही बेल वाजवायला कारण काय सांगायचं?

एके दिवशी मात्र आकडा चक्क चढला. वाळायला ठेवलेलं लाकूड उलट ओलं कसं होईल? कुतूहल तिला स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी न कळवताच ती जाऊन थडकली.

दार उघडताच त्याचा चेहरा पडला. आत खोलीभर दोऱ्या बांधल्या होत्या. चादरी, टॉवेल, पडदे – सगळं टपटप गळत होतं. आणि खिडकी घट्ट बंद.

"गुरुजी, आर्द्रता म्हणजे काय ते मुलांना तुम्हीच शिकवता ना?"

"हो..." त्याचे कान लाल झाले. "म्हणून तर जमलं."

"अहो, सागवान आहे ते! भिजवायला कडधान्य नाही!"

"फळ्या वाळल्या की काम संपलं, असं तुम्हीच म्हणालात. मला... संपायला नको होतं."

चादरीतून थेंब पडत राहिले. तिने यंत्राची पिशवी उघडली, पुन्हा बंद केली.

"ओलावा एकदा बघितला की पुरतं," ती हळूच म्हणाली. "बाकीच्या खेपांना मी... उगाचच आले."

तो काही बोलणार, तोच तिने खिडकी सताड उघडली. वारा आत आला, चादरी फडफडल्या.

"हे सगळं आधी बाहेर न्या. आणि बैठकीची उंची ठरवायची राहिलीय."

"ती कशावरून ठरवतात?"

"बसणाऱ्याच्या गुडघ्यावरून."

तो टेप घेऊन स्वतःचा पाय मोजायला वाकला. तिने ती टेप त्याच्या हातून काढून घेतली. फळ्यांच्या थप्पीवर बसली, पावलं जमिनीवर नीट टेकवली आणि टेप परत त्याच्यापुढे धरली.

"तुमची नाही," ती म्हणाली. "माझी उंची घ्या."