लाल आकडा

लीगचा अंतिम सामना ऐन रंगात आला होता, आणि समालोचन कक्षात बसलेली अनघा तोरस्कर समोरच्या पडद्यावरून नजर हलवत नव्हती.

अनघा एकेकाळची वेगवान गोलंदाज. निवृत्तीनंतर तिने माईक धरला आणि दहा वर्षांत घराघरांत पोचली. कंपन्या, कॉलेजं तिला व्याख्यानाला बोलावत. दुखऱ्या खांद्याने टाकलेल्या सहा षटकांची गोष्ट ती सांगे, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत. तिचा उजवा हात आता वर जात नाही, वेणी बहीण घालून देते, हे मात्र ती कधी सांगत नसे.

अलीकडे खेळाडूंच्या जर्सीत ‘स्नायूवेध’ विणलेला असे. केसाहून बारीक तंतू स्नायूंवरचा ताण मोजत आणि कोणाला केव्हा दुखापत होईल याचा अंदाज देत. तो संघमालकांना दिसे. समालोचकांनाही दिसे, पण उच्चारायचा नाही असा करार होता. खुद्द खेळाडूंना दाखवत नसत. म्हणे, मन खचतं.

एकोणीस वर्षांची रेश्मा मुजावर चेंडू पुसत रन-अपकडे निघाली आणि पडद्यावर तिच्या नावापुढचा आकडा लाल झाला. उजवा खांदा. ब्याऐंशी टक्के. याच षटकात.

“मिलिंद, हिला थांबवायला सांगा,” अनघा निर्मात्याला म्हणाली.

“मालकांना दिसतंय ते, ताई. दोनच षटकं राहिलीत. तुम्ही तिच्या वेगाबद्दल बोला.”

“आणि त्या पोरीला माहीत आहे?”

“ताई, करार...”

“घाला चुलीत तो करार!”

स्टेडियममधले हजारो प्रेक्षक कानातल्या यंत्रावर तिचंच समालोचन ऐकत होते. अनघाने माईक जवळ ओढला. “कोणीतरी रेश्माला थांबवा! तिचा खांदा या षटकात फाटणार आहे. तिच्या मालकांना ठाऊक आहे, तिला नाही!”

माईक बंद झाला. पण स्टँडमधून आरडाओरडा उठला होता. पंचांनी खेळ थांबवला. रेश्मा सीमारेषेपाशी गेली, प्रशिक्षकाला काहीतरी विचारलं. त्यांनी मान खाली घातली. तिने चेंडू कर्णधाराच्या हाती दिला.

सामना गेला. तासाभरात अनघाची नोकरीही गेली.

ती सामान आवरत असताना रेश्मा आत आली. डोळे रडून लाल झालेले.

“ताई, तुम्ही माझा खांदा वाचवलात. पण सगळ्या जगाला ऐकवून! आता मला कोणता संघ घेईल?”

“माझ्या वेळी मला कोणी सांगितलं नाही गं,” अनघा म्हणाली.

“सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात?”

“नसते थांबले. पण ते मी ठरवलं असतं.”

रेश्माने डोळे पुसले. “आम्हालाही आमचं ठरवायचंय. आकडा आधी आमच्या हाती आल्याशिवाय ती जर्सी अंगावर चढवायची नाही. अकरा जणी तयार आहेत. उद्या सकाळी स्टेडियमच्या फाटकावर बसतोय, तुम्ही बोलायला या.”

“येते.”

“नुसतं बोलून निघून जाऊ नका, ताई. त्यांनी आम्हा सगळ्यांनाच घरी बसवलं, तर तुम्ही परवाही याल ना?”