गुरुकाळ

पडद्यावर दोन मेंदू शेजारीशेजारी दिसत होते. डावीकडचा मेंदू दयाळ पक्ष्याचा होता, कित्येक पटींनी मोठा करून दाखवलेला. उजवीकडचा विनय चौगुले यांचा होता. त्यात डाव्या बाजूला, बोलणं घडवणाऱ्या भागात, एक काळा डाग होता.

"हा जानेवारीतला दयाळ," डॉ. इर्शाद काझी म्हणाले. "गाण्याचं केंद्र पाहा, जवळजवळ रिकामं आहे. आणि हा एप्रिलमधला, तोच पक्षी." डावीकडचा फिकट ठिपका भरून आला. "दिवस मोठे व्हायला लागले की नव्या पेशी उगवतात आणि पक्षी गायला लागतो. दिवस लहान झाले की त्या गळतात. मग तो गप्प."

काझी पक्ष्यांचे अभ्यासक. त्यांच्या शेजारी मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुजाता गजभिये बसल्या होत्या. नागपूरच्या या संशोधन केंद्रात दोघांनी अनेक वर्षं एकाच प्रश्नावर काम केलं होतं. समोरच्या खुर्चीत मंजूषाबाई चौगुले होत्या, आणि खिडकीपाशी, बोलण्याकडे लक्ष ठेवून, त्यांचे पती विनय.

विनयराव मूळचे सांगलीचे, पाटबंधारे खात्यात अभियंता. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते साठीला आले होते. उजवा हात थोडा दुबळा राहिला, तो चालला असता. पण वाचा पूर्ण गेली. त्यांना सगळं समजत होतं, वर्तमानपत्र वाचता येत होतं, मनात उत्तरही तयार होत होतं. ते ओठांपर्यंत किंवा कागदावर आणणारी यंत्रणा तेवढी मेली होती.

"माणसाच्या मेंदूत मेलेली पेशी परत येत नाही," डॉ. गजभिये म्हणाल्या. "दयाळाची येते. ती उगवायची सूचना आम्ही त्याच्या जनुकांतून उचलली आणि एका निरुपद्रवी विषाणूवर बसवली. हा वाहक विषाणू त्या काळ्या डागात सोडायचा. जुन्या पेशींच्या जागी नव्या उगवतील. आम्ही त्यांना ऋतुपेशी म्हणतो."

"आणि हिवाळ्यात?" मंजूषाबाईंनी विचारलं.

काझींनी गजभियांकडे पाहिलं. "गळतील," त्या म्हणाल्या. "सूचना अर्धी घेता येत नाही. दिवाळीच्या सुमारास बोलणं जाईल, फेब्रुवारीत परत येऊ लागेल."

"घरात दिवे लावून ठेवले तर?"

"आम्ही पिंजऱ्यातल्या दयाळाला बारा महिने उन्हाळ्याएवढा उजेड देऊन पाहिला," काझी म्हणाले. "काही महिने गायला. मग भर उजेडात गप्प झाला, आणि खरा हिवाळा भोगल्याशिवाय पुन्हा गायला नाही. हिवाळा चुकवता येत नाही, बाई."

मंजूषाबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. विनयरावांनी डावा हात वर करून होकार दिला.

निघताना गजभियांनी एक गोष्ट बजावून सांगितली. उगवल्यावर काही आठवडे ऋतुपेशी फक्त ऐकतात. पक्ष्याचं पिल्लू बापाचं गाणं उचलतं तशा कानावर पडेल ते उचलतात, आणि पुढे तेच ओठांवर येतं. या आठवड्यांना त्यांनी गुरुकाळ असं नाव दिलं होतं. "त्या काळात तुम्ही त्यांच्याशी सतत बोला. त्यांना जे म्हणावंसं वाटेल ते त्यांच्या वतीनं म्हणा. चांगलं, धीर देणारं बोला."

मंजूषाबाई नागपूरच्याच. उपचार झाल्यावर त्या रोज सकाळी चहाबरोबर सुरुवात करायच्या आणि झोपेपर्यंत थांबायच्या नाहीत. "म्हणा, मी बरा आहे. म्हणा, तू काळजी नको करू. म्हणा, आज मस्त वाटून राहिलं." मार्चमध्ये एका दुपारी त्या भाजी निवडत असताना मागून आवाज आला, "मी बरा आहे." त्या उठल्या नाहीत. भाजी तशीच मांडीवर ठेवून बराच वेळ रडत बसल्या.

तो उन्हाळा दोघांनी बोलण्यात घालवला. ऑक्टोबरात शब्द गळू लागले, आधी लांब वाक्यं, मग नावं, शेवटी "हो" आणि "नाही"सुद्धा. सांगितलं होतं तसंच घडत होतं, तरी मंजूषाबाईंना ते जड गेलं.

"त्यांना घरात कोंडू नका," काझी म्हणाले. "हिवाळ्याचा खरा उजेड डोळ्यांत जाऊ द्या. तलावाच्या उद्यानात पाहुणे पक्षी आलेत. त्यांच्या हातात कॅमेरा द्या."

अशा त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. नागपूरची डिसेंबरातली थंडी बोचरी असते. ऊन वर येईपर्यंत तलावावर धुकं बसून राहायचं आणि त्यातून चक्रवाकांचे आवाज यायचे, पक्षी दिसायचे नाहीत. विनयराव कानटोपी घालून, कॅमेरा एकपायी स्टँडवर टेकवून, डाव्या हातानं काम करायचे. मंजूषाबाईंना निळाभोर खंड्या आवडायचा. पाण्यावरच्या फांदीवर तो बसला की त्या नवऱ्याची बाही ओढायच्या. विनयराव त्याचा एखादा फोटो काढायचे आणि पुन्हा पंपघराच्या ओल उतरलेल्या भिंतीकडे वळायचे. तिथे थिरथिरा असायचा, धुरकट काळा, जेमतेम चिमणीएवढा. हिमालयापलीकडून आलेला हा पक्षी सारखी आपली तांबडी शेपटी थरथरवत बसतो. विनयरावांच्या फोटोत भिंतच जास्त असायची, एका कोपऱ्यात पक्षी, आणि शेपटीच्या जागी तांबडा फराटा.

"अहो, हलला फोटो," मंजूषाबाई म्हणायच्या.

ते हसायचे आणि पुन्हा तसाच काढायचे. एकदा काझींनी तो पाहिला. ते म्हणाले, "याची शेपटी स्थिर आली असती तर फोटो खोटा झाला असता." विनयरावांनी बायकोकडे पाहून भुवया उडवल्या. त्या हिवाळ्यात नवऱ्याला इतकं खुशीत मंजूषाबाईंनी अनेकदा पाहिलं.

फेब्रुवारी सरताना कॅमेरा कपाटात गेला. आता शब्द येतील, कॅमेऱ्याचं काम संपलं, असं मंजूषाबाई धरून चालल्या. शब्द खरंच आले, पहिल्या वर्षापेक्षा लवकर.

मे महिन्यात विनयरावांचा धाकटा भाऊ सुकुमार सांगलीहून भेटायला आला. भावाचा आवाज ऐकून त्याचे डोळे भरून आले. जेवताना तो म्हणाला, "दादा, चार दिवस सांगलीला ये की. आंबे लागलेत."

"काहून? इथं मस्त चालून राहिलं ना बाप्पा," विनयराव म्हणाले.

सुकुमार हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. संध्याकाळी गच्चीवर त्यानं विषय काढला.

"वहिनी, राग मानू नका. पण हा दादा नाही बोलत."

"मग कोण बोलतंय?"

"तुम्ही. 'करून राहिली', 'चालून राहिलं' यावरून तो जन्मभर तुम्हाला चिडवायचा. मी दोन दिवस ऐकतोय. त्याच्या तोंडून एक वाक्य असं आलं नाही, जे तुमचं नाही."

मंजूषाबाई दुसऱ्याच दिवशी संशोधन केंद्रात गेल्या. गजभियांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "हे अपेक्षित आहे. अर्थ त्यांच्या जुन्या मेंदूत आहे आणि तो शाबूत आहे. पण बाहेर पडायला त्याला वाट फक्त तुमच्या वाक्यांची. ऋतुपेशी शब्द सुटे करत नाहीत, अख्खी ओळ उचलतात. प्रश्न कानावर पडला की तुम्ही त्यापुढे जोडलेलं उत्तर आपोआप बाहेर येतं."

"म्हणजे जे मी कधी ऐकवलं नाही, ते त्यांना म्हणायचं असलं तर?"

"तर त्यांना म्हणता येणार नाही."

"दोन उन्हाळे मी माझंच ऐकून राहिले, डॉक्टर."

काझी तिथेच होते. "एकाच नराजवळ वाढलेलं पिल्लू त्याची नक्कल करतं," ते म्हणाले. "ज्याच्या कानावर अनेक नर पडतात ते सगळ्यांचे तुकडे उचलतं आणि स्वतः जोडतं. त्यालाच आपण त्या पक्ष्याचं स्वतःचं गाणं म्हणतो."

"मग पुढच्या गुरुकाळात मी बोलणार नाही," मंजूषाबाई म्हणाल्या. "यांना उद्यानात नेऊन बसवीन. ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकू दे."

गजभियांना ते पटलं नाही. "इतर रुग्णांच्या घरी कुणी असं केलेलं नाही. सगळे समाधानी आहेत. आजवर एकाही रुग्णाची एकही तक्रार नाही."

तरी मंजूषाबाईंनी तसंच केलं. तो हिवाळा थिरथिऱ्याच्या मागे गेला. फेब्रुवारी उजाडला, पहाटेची थंडी अजून होती, आणि त्यांनी बोलणं बंद केलं. घरात दोघं मुके झाले. भांड्यांचे आवाज मोठे वाटू लागले. दूधवाल्याशीही त्या खुणेनं बोलायच्या. कधीकधी नवऱ्याच्या शालीचं टोक सारखं करताना त्यांच्या तोंडाशी शब्द यायचा आणि त्या ओठ दाबून धरायच्या. विनयराव त्यांच्याकडे प्रश्नार्थक पाहायचे. त्यांना सगळं समजावून सांगितलेलं होतं, पण समजणं वेगळं.

उद्यानात मात्र बोलण्याला खंड नव्हता. पेन्शनर मंडळी सरकारवरून भांडायची. साताऱ्याकडचा एक निवृत्त हवालदार आपल्या गुडघ्यांविषयी, पित्ताविषयी आणि सुनेविषयी रोज नव्यानं तक्रार करायचा. छत्तीसगडच्या बायका पाला झाडताना हिंदीत मुकादमाला नावं ठेवायच्या. रखवालदार प्रत्येक बाईला "मॅडम" म्हणायचा. विनयराव बाकावर मान कलती करून ऐकत राहायचे. त्यांना पूर्वीसारखं पक्ष्यांमागे फिरावंसं वाटत नव्हतं. कॅमेरा पिशवीतच असायचा.

मार्चच्या अखेरीस एका सकाळी बाकावर दोघंच उरली होती. मंजूषाबाई डब्यातली पोळी काढत होत्या. विनयरावांनी डोळे मिटले होते आणि डावा हात कानशिलावर दाबून धरला होता.

"मॅडम," ते म्हणाले.

त्यांनी चमकून पाहिलं. बायकोचं नाव विनयरावांना ठाऊक होतं, पण त्या पेशींना ते कुणी ऐकवलं नव्हतं. विनयराव थांबत, एकेक तुकडा शोधत बोलले, "मॅडम, डोकं दुखतं. लई दुखतं." मग बराच वेळ गेला. "हर साल."

मंजूषाबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. मागच्या दोन्ही वसंतांत हा हात असाच कानशिलावर गेलेला त्यांनी पाहिला होता. प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं होतं, "दुखतंय का?" आणि प्रत्येक वेळी, हात तिथेच असताना, तोंड म्हणालं होतं, "मी बरा आहे, तू काळजी नको करू." त्यांनी तोंडावर विश्वास ठेवला होता. माणूस बोलायला लागल्यावर हाताकडे कोण बघतं?

"कुठे?" त्यांनी विचारलं. इतक्या आठवड्यांनी त्यांचा आवाज फुटला तो घोगरा होता. "इथं? की मागं, मानेत? ही मान. हे कानशील. म्हणा, कानशील दुखतं. म्हणा, सहन होत नाही."

त्या त्यांना तशाच रिक्षात घालून केंद्रात घेऊन गेल्या. दुपारपर्यंत मेंदूच्या प्रतिमा हाती आल्या. ऋतुपेशी उगवताना भोवतालच्या आवरणावर ताण येत होता. तो जिवावर बेतणारा नव्हता आणि औषधानं कमी होण्यासारखा होता. पण दुखणं खरं होतं, तीव्र होतं, आणि दर वसंतात महिनोन्महिने चालत आलेलं होतं.

गजभिये पडद्याकडे बघत उभ्या होत्या. "पण एवढं दुखत असताना बाकीच्यांपैकी कुणीच कसं..." त्या अर्ध्यावरच थांबल्या.

"त्यांना कुणी शिकवलं असेल, डॉक्टर?" मंजूषाबाई म्हणाल्या. "आपल्या माणसाच्या तोंडी असलं वाक्य कोण घालतं?"

मग गजभियांनी फोन उचलला आणि अमरावतीच्या एका रुग्णाच्या घरी लावला. बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल असं ठेवलं. रुग्णाच्या पत्नीचा आवाज उत्साही होता.

"अगदी छान आहेत, मॅडम. कालच पाव्हण्यांशी गप्पा मारल्या. थांबा, त्यांनाच देते."

फोनवर थोडी खुडबूड झाली. मग एक जाड, समाधानी आवाज आला. "मी मजेत आहे. आमच्या हिनं खूप केलं माझं. काही त्रास नाही."

"फोन पुन्हा ताईंकडे द्या," गजभिये म्हणाल्या. पत्नी फोनवर आल्यावर त्यांनी आवाज शक्य तितका सपाट ठेवला. "ताई, त्यांना काही विचारू नका. फक्त त्यांच्याकडे बघून मला सांगा. आत्ता त्यांचा हात कुठे आहे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"डोक्याला लावलाय," बाई म्हणाल्या. "का हो? तो तर नेहमीच असतो."