उरलेला श्वास

निंगनिंगच्या शंगाचं मेण थंडीने तडकलं, ते नेमकं परीक्षेच्या आदल्या दुपारी. शंग म्हणजे धातूच्या वाटीत बांबूच्या नळ्यांची जुडी उभी, आणि प्रत्येक नळीच्या बुडाशी मेणाने बसवलेली पितळी जिभली. जिभली सुटली की नळी मुकी. शूमिनने जन्मभर हे वाद्य शिकवलं होतं. आज हे काम होणार नाही, हे तिला बघताक्षणी कळलं. दुरुस्ती करणारा शहरात, आणि बर्फामुळे आजची बस बंद. तिचा स्वतःचा शंग तो हाच, लेकीला दिलेला. निंगनिंगने वर्षभर रक्ताचं पाणी केलं होतं. उद्याची संधी हुकली तर कलाशाळेचं वय निघून जाणार होतं.

तेव्हा तिने फळीवरून वडिलांचा शंग खाली काढला.

ब्येनकाका शेगडीपाशी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. वडिलांच्या वाजंत्री ताफ्यातले आता ते एकटेच उरलेले. शंग दिसला आणि त्यांचा हात थांबला.

"म्हातारा गेल्यावर उघडला होतास का तो?"

"सवड कुठे मिळाली, काका?"

"मग ठेव परत."

"उद्या हिची परीक्षा आहे."

"शूमिन, हे तुला मी सांगायचं का? बाकीची वाद्यं फुंकली की वाजतात. हा फुंकला तरी वाजतो, श्वास आत ओढला तरी वाजतो. मेलेल्या माणसाचा शंग आधी नळ्या उपसून, धुऊन, उन्हात घालायचा असतो. तुझा बाप वाजवता वाजवता गेला. शेवटचा श्वास ह्यातच सोडलाय त्याने. पोरगी तोंड लावून ओढेल, तेव्हा काय ओढेल?"

शूमिनच्या मनात पाल चुकचुकली. पण उद्याचा दिवस त्याहून मोठा होता.

"आणि उपसलं तर आज मेण कोण बसवणार? तुम्ही? सुईत दोरा ओवता येत नाही तुम्हाला."

"नाही येत," काका म्हणाले. "म्हणूनच सांगतोय... नको." त्यांनी टोपी चढवली. दार लोटताना ते निंगनिंगकडे बघत राहिले.

थंडीत शंग वाजवण्याआधी शेगडीवर शेकावा लागतो. शूमिनने तो हातात घेतला, तर तो आधीच कोमट होता. ज्येष्ठमधाच्या काढ्याचा वास येत होता, वडील शेवटी प्यायचे तो. तिने ते मनातच ठेवलं आणि वाद्य लेकीच्या हाती दिलं.

"आधी फुंक. ओढायची घाई करू नकोस."

निंगनिंगने फुंकलं. भरदार, गोल स्वर. शूमिनचा जीव भांड्यात पडला. मग निंगनिंगने श्वास आत ओढला.

स्वर लांबला. आणखी लांबला... शूमिन नेहमीप्रमाणे तिच्या खांद्यांकडे बघत होती. छाती फुगत होती, फुगतच होती, आणि स्वर तुटत नव्हता. एवढ्याशा पोरीत एवढा श्वास मावणार कुठे?

"पुरे, निंगनिंग."

बोटं नळ्यांवर फिरू लागली. परीक्षेची चाल नव्हती ती. अंत्ययात्रेतली चाल होती, वडिलांची अर्धवट राहिलेली, आणि ती नेमकी राहिली होती तिथून पुढे सुरू झाली. ही चाल निंगनिंगला कुणीही शिकवलेली नव्हती. शूमिन पुन्हा "पुरे" म्हणाली, पण बोटं थांबली नाहीत. चाल पूर्ण झाली. निंगनिंगने वाद्य मांडीवर ठेवलं आणि ती खोकली, म्हाताऱ्या माणसासारखं, खोल.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुझे खांदे वर आलेत."

लहानपणी वडील शूमिनला रोज हेच सांगायचे.

"काय म्हणालीस?"

"कुठे काय? भूक लागलीय. शेवया कर ना."

तिचा नेहमीचा आवाज, नेहमीची कटकट. शूमिनने शेवया केल्या, दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. आपणच भ्यायलो, असं तिने ठरवून टाकलं. न ठरवून करते काय? दुसरा शंग नव्हता.

दुसऱ्या दिवशी निंगनिंगची निवड झाली. परीक्षक बाई शूमिनला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कसं शिकवलंत हो? हिने कुठे श्वास घेतला, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

शूमिनला आनंदाने रडू फुटलं. वडील असायला हवे होते, असं तिला वाटलं.

बसथांब्यावर हाडं गोठवणारी थंडी होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफा निघत होत्या. बाकावर बसून निंगनिंग अखंड बडबडत होती. वसतिगृह, नवी चादर, परीक्षकांपैकी एकाची मिशी. शूमिन हसत ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं हसू थांबलं.

लेकीच्या तोंडातून वाफ येत नव्हती.

तिने हातमोजा काढला आणि तळवा तिच्या ओठांपुढे धरला.

"काय गं आई?" निंगनिंग म्हणाली.

तळव्याला काहीच लागलं नाही. शूमिनची नजर खाली गेली. लेकीच्या मांडीवर कापडी पिशवीत शंग होता. पिशवीच्या तोंडातून वाफ येत होती, थोडी थांबून पुन्हा येत होती, गाढ झोपलेल्या माणसाची येते तशी.