उशाखालचा नीलम

डबीत एक निळा खडा होता, अक्षतांचे सात दाणे आणि एक वाळकी लवंग. खड्याच्या कडेचा एक टवका उडाला होता.

"आईचा नीलम," शार्दूल म्हणाला. "आजीने आईच्या उशाखाली ठेवला होता, आता तुझ्या. तीन रात्री. वाईट स्वप्न पडलं नाही, तर आईचा लग्नाला हो."

"आणि पडलं तर?"

तो खिडकीतून खाली दिल्लीच्या करोल बागेतली गर्दी बघत राहिला.

वर्षापूर्वी याच गर्दीतून, मारुती गाडीचा चोरीला गेलेला आरसा शोधत तो चुकून आमच्या रत्नं तपासायच्या लॅबमध्ये शिरला होता.

"आरसा मिळेल?"

"भिंग मिळेल."

"चालेल... तुम्ही दाखवणार असाल तर!"

मग दर शनिवारी नोएडाचं ऑफिस सुटलं की तो मयूर विहारला घरी न जाता इकडे यायचा. मी त्याला यंत्र दाखवायचे. खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो, ते त्यावर मोजतात. नीलमच्या दोन रेघा, १.७६ आणि १.७७. साध्या काचेची एकच, दीडच्या आसपास.

"माझा आकडा किती?"

"तुम्ही फार हलता. रीडिंगच येत नाही."

आता मात्र मला हसू येईना. "दगडामुळे स्वप्नं पडत नाहीत, शार्दूल."

"मग घाबरतेस कशाला, यार?"

"दगडाला कुठे? काकूंना, तुझ्या आईला घाबरते."

पहिल्या रात्री स्वप्नात डबी रिकामी निघाली. दुसऱ्या रात्री खडा माझ्या मुठीत फुटला. तिसऱ्या रात्री मी झोपलेच नाही.

शनिवारी शार्दूल आला तोच घाईत. "आईने बोलावलंय. छान झोप लागली म्हण, बस्स."

"खोटा रिपोर्ट देऊ?"

"मृणाल—"

"माणिक म्हणून आणलेला खडा काच निघाला, तर मी लोकांना तोंडावर सांगते. आणि माझी वेळ आली की..."

त्याच्या कमरेचा पेजर वाजला. त्याने आईचा निरोप वाचला, पेजर बंद केला.

"अच्छा. खरं तेच सांग. मग मी सांगेन— स्वप्नं पडू देत, मला हीच हवी."

"काकू रुसतील."

"बिल्कुल रुसतील. मी समजूत काढेन. पण तुला सोडून... नाही."

माझे कान तापले. मी अक्षतांचे दाणेच सारखे करत बसले.

"एक सांग," तो हळूच म्हणाला, "तू हा तपासला का नाहीस?"

"खरा निघाला असता तर... आणखी भीती वाटली असती."

"आणि आता?"

मी यंत्राच्या काचेवर द्रवाचा थेंब सोडला, त्यावर खडा पालथा ठेवला आणि डोळा लावला. शार्दूल इतका जवळ वाकला की त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"किती?"

रेघ एकच. १.५२.