चौदाव्या मिनिटाला

"हा घ्या ताई, ह्याचा बेस ऐका... छाती हादरेल!" असं म्हणून दुकानदारानं तिसरा हेडफोन माझ्या कानांवर चढवला. छाती खरंच हादरली. पण ती हादरवून घेऊन मी करणार काय होते?

"अहो, मला माणसाचा आवाज ऐकायचाय हो! साधा, बोलणारा!"

"कुणाचा?"

हे दुकानदार बोलला नव्हता. शेजारी वायरी निवडत उभा असलेला, विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस बोलला होता, आणि बोलून स्वतःच दचकला होता.

"माझाच," मी म्हटलं.

तो हसला नाही. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

त्याचं असं होतं... बँकेतली चांगली नोकरी सोडून मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला निघाले होते. एका स्टुडिओनं अख्खी कादंबरी द्यायचं कबूल केलं होतं, पण आधी नमुन्याचं एक प्रकरण पास व्हायला हवं होतं. ते दोनदा परत आलं. दोन्ही वेळा शेरा तोच : 'मागे बारीक आवाज येतो. पुन्हा करा.' खाली नाव नाही, गाव नाही. तिसऱ्यांदा परत आलं, की कादंबरी दुसऱ्या कुणाला तरी जाणार. बाबांनी तर आत्याच्या ऑफिसात माझ्यासाठी खुर्चीही बघून ठेवली होती.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला उभ्या उभ्या सांगून मोकळी झाले.

"वाचताना स्वतःचा आवाज हेडफोनमधून ऐकता ना? तुमच्या जुन्या हेडफोनमधून तो बाहेर येतो आणि माइक तो पकडतो," तो म्हणाला. "तुम्हाला मागून बंद असलेले हवेत. क्लोज्ड-बॅक. महागाचेच हवेत असं काही नाही."

"मग हे स्टुडिओतल्या त्या साउंडवाल्या दगडाला लिहिता येत नव्हतं?" मी भडकले. "नुसतं आपलं पुन्हा करा, पुन्हा करा! माणूस आहे की भिंत?"

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण रागात असले की मला समोरचा हत्तीही दिसत नाही.

त्यानं खालच्या फळीवरचे तीन स्वस्तातले हेडफोन काढायला लावले. "दुकानातलं गाणं नको. तुम्हाला तोंडपाठ असेल असं काहीतरी लावा." मी परत आलेलं प्रकरणच लावलं. "आणि तिन्हींचा आवाज सारखाच ठेवा हं. जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. सगळे तिथेच फसतात."

"माणसांचंही तसंच असतं," मी म्हटलं.

"म्हणून तर मी हळू बोलतो."

अगं बाई! गडी दिसतो तितका साधा नव्हता.

पहिल्या हेडफोनमध्ये मी पिंपात बसून बोलत होते. दुसऱ्यात माझा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचत होता. तिसरा मात्र... तिसऱ्यात मी होते. थोडी जाड, थोडी उबदार, शब्द न् शब्द सुटा.

"मी अशी वाटते?"

"अश्शीच," तो पटकन म्हणाला. मग घाईघाईनं, "म्हणजे... वाटत असाल."

फक्त माझ्या चष्म्याच्या दांडीपाशी हेडफोनची गादी नीट टेकत नव्हती. त्यानं हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला. "दांडी... जरा वर घेऊ का?"

"घ्या."

त्याचं बोट माझ्या केसांना जेमतेम लागलं, गादी घट्ट बसली आणि सगळं जग एकदम गप्प झालं. दुकानदाराचं तोंड हलत होतं, पण ऐकू काहीच येत नव्हतं. मला फक्त माझं काळीज ऐकू येत होतं, आणि ते जरा जास्तच जोरात चाललं होतं.

"कान दुखले तर चार दिवसांत बदलून मिळतात," तो निघताना म्हणाला. "सांगा तसं."

"कुणाला, दुकानाला?"

"मला सांगितलंत तरी... चालेल." आणि त्यानं बिलाच्या मागे आपला नंबर लिहून दिला.

कान अजिबात दुखले नाहीत. तरी चौथ्या दिवशी मी त्याला कळवलं, की फार दुखतात बाई. मग आम्ही चहा घेतला. दुसऱ्या चहाला 'तुम्ही'चं 'तू' झालं. काय काम करतोस विचारलं, तर "दुरुस्तीचं" म्हणाला आणि विषय बदलला.

त्याच आठवड्यात मी शेवटचा प्रयत्न केला. खिडक्यांवर दुलया टांगल्या, पंखा बंद केला, आईला मिक्सर लावायची बंदी घातली. अडखळले की मी स्वतःशी बडबडते, तशी बडबडलेही. स्टुडिओचा नियमच होता, की सगळं जसंच्या तसं पाठवा, कापाकापी आम्ही करू. मी पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओनं अकरा वाजता बोलावलं. तिथल्या बाकावर बसले होते. आतलं दार उघडलं आणि... तो!

"तू? इथे?"

त्यानं जमिनीकडे पाहिलं. "मी... मीच तो दगड."

मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं. "म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"तू दुकानात दोन वाक्यं बोललीस, तेव्हाच आवाज ओळखला. सांगणार होतो गं, पण तू त्या दगडाला इतक्या मनापासून शिव्या घालत होतीस..."

"आणि आता माझ्यावर दया म्हणून पास करणार? मला नकोय असलं पास होणं!" ह्या आवाजापायी मी घरच्यांशी भांडले होते. तो कुणाच्या मेहेरबानीवर निवडला जावा? त्यापेक्षा आत्याची खुर्ची बरी.

"ऐक तरी. चौदाव्या मिनिटाला तू अडखळलीस आणि म्हणालीस, 'त्या चष्म्याच्या दांडीवाल्यामुळे लक्षच लागत नाही.' मी तिथेच थांबवलं. फाइल स्टुडिओच्या मॅडमना दिली. म्हटलं, हिला मी ओळखतो, मी तपासणं बरोबर नाही. पुढचं मी ऐकलेलं नाही. शपथ."

तेवढ्यात मॅडमच बाहेर आल्या. पांढरे केस, कानामागे पेन्सिल.

"तूच ना ती? मागचा आवाज गेला. वाचलंही छान आहेस. सोमवारपासून कादंबरी सुरू कर." मग चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहत म्हणाल्या, "चौदाव्या मिनिटापासूनची तीन मिनिटं तेवढी कापलीत हं मी. पुस्तकात नव्हती ती." आणि दार लावून घेतलं.

कादंबरी माझी होती! आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं, असंही झालं होतं.

"तीन मिनिटं?" तो हळूच म्हणाला. "एवढं काय बोलत होतीस?"

"विचार की मॅडमना."

"त्या नाही सांगायच्या."

त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वाटलं, आता कसली लाज? ऐकायला मिळत असताना जो माणूस थांबला, त्याला नाही सांगायचं तर कुणाला?

"दोन मिनिटं तुझ्या केसांना नावं ठेवली," मी म्हटलं. "अर्धं मिनिट स्वतःला बोल लावला. आणि मग म्हटलं, की... तू मला आवडतोस. खूप."

तो बाकावर माझ्या शेजारी मटकन बसला. "मला तर तू... त्या पहिल्या प्रकरणापासूनच..."

मी त्याचा हात हातात घेतला. हात घामानं ओला झाला होता, पण त्यानं माझा हात घट्ट धरून ठेवला.